सुट्टीएवढं रेशीम

लग्नानंतरची आमची सगळी वर्षं एकत्र बांधली, तरी आम्ही दोघं एका छपराखाली फार थोडे दिवस राहिलो. हे फौजेत होते. सुट्टीवर यायचे, महिना-सव्वा महिना राहायचे, आणि घराच्या भिंतींना त्यांच्या आवाजाची सवय लागते न लागते तोच ट्रंक पुन्हा दारात यायची. सुट्टीतला नवरा अर्धा पाहुणाच असतो. त्याला गरम भाकरी, आवडीचं कालवण. त्याच्यापुढं भांडण नाही, रडणं नाही. तोही आपल्याशी पाहुण्यासारखाच वागतो. जेवण झालं की स्वतःचं ताट उचलतो, पाणी मागताना "जरा" म्हणतो.

मग एका हिवाळ्यात हे पेन्शन घेऊन कायमचे घरी आले.

आमचं गाव उंब्रजवरून आत, नदीच्या अंगाला. ऊस, थोडं सोयाबीन, दारात दोन म्हशी. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. मुलगी सांगलीला कॉलेजात, तिथंच हॉस्टेलवर राहायची. इतकी वर्षं आम्हा दोघी बायकांचं सगळं आमच्या आमच्या चालीनं चाललेलं. त्यात आता एक पुरुष पहाटे उठून अंथरुणाची घडी वीट बसवल्यासारखी घालत होता, दाढी करून, बूट घालून दारात उभा राहत होता. कुणीतरी शिट्टी वाजवील याची वाट बघत असल्यासारखा. शिट्टी वाजत नव्हती. मग हे म्हशींकडं जायचे, परत यायचे, पंपावर जायचे, परत यायचे.

पहिला महिना बरा गेला. सव्वा महिना उलटला आणि माझ्याजवळचं बोलणं संपलं. खरंच संपलं. सुट्टीपुरतं साठवलेलं बोलायची सवय; त्याच्या पुढं नवऱ्याशी काय बोलतात ते मला माहीतच नव्हतं. त्यांनाही नसावं. संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसायचो आणि जाहिराती लागल्या की तिघंही दुसरीकडं बघायचो.

एकदा जेवता जेवता ते म्हणाले, "पुण्याकडं एका गोदामावर सिक्युरिटीला माणूस पाहिजे म्हणतात. राहायची सोय हाय."

मी म्हटलं, "बघा, तुमच्या मनाला काय येतंय ते."

आत्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि ताकाचा तांब्या पुढं सरकवला. त्या दिवशी एवढंच झालं.

रेशमाचं खूळ आणलं ते यांच्या पलटणीतल्या मित्रानं. तो जतच्या पलीकडचा, बोलण्यात निम्मं कानडी. सहज भेटायला म्हणून आला तो मोटारसायकलला तुतीच्या काड्यांची मोळी बांधूनच. त्याच्या घरी बायका-पोरं सगळे रेशमाच्या अळ्या पाळत होते. "ऊस काय, लावला की सोडून दिला. ह्यात माणूस गुंततोय," तो म्हणाला. गुंततोय हा शब्द ह्यांना आवडला असावा, कारण दुसऱ्या दिवशीपासून हे विहिरीजवळच्या तुकड्यात सऱ्या पाडायला लागले. गोदामाचं त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. फक्त सांगितलं होतं, दिवाळीनंतर कळवतो.

तुती भराभर वाढली. श्रावणात ती माझ्या डोक्याच्या वर गेली होती, पानं तळहाताएवढी, हिरवी आणि थोडी खरबरीत. अळ्यांसाठी वेगळी शेड बांधण्याआधी एक खेप घरातच करून बघू, असं ठरलं. घरात म्हणजे वरच्या हॉलमध्ये. हा हॉल ह्यांनी सुट्ट्या-सुट्ट्यांमधून बांधला होता, मुलीच्या लग्नात पाहुणे उतरवायला. फरशी गुळगुळीत, खिडक्या मोठ्या, राहायला कुणी नाही. सोफा खाली आणला, हॉल धुतला, ब्लिचिंग पावडरनं पुन्हा धुतला, खिडक्यांना हिरवी जाळी ठोकली, अळ्या ठेवायला मांडणीसारखे बांबूचे मजले बांधले. मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी. दाराला दुहेरी जाळी, माशी आत जाऊ नये म्हणून.

आत्या जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. "सोफा खाली आन किडं वर," त्या म्हणाल्या. "लोक काय म्हनतील रं?"

"किडं न्हाईत गं आई, रेशीम हाय त्ये," हे म्हणाले.

"रेशीम हुईल तवा रेशीम. आज किडंच की."

ज्या सकाळी अळ्या आल्या त्या सकाळची हवा मला अजून आठवते. नदीवरचं धुकं उसात अडकून राहिलं होतं. हे आणि मी मित्राच्या जीपनं पहाटेच चॉकी केंद्रावर गेलो होतो. चॉकी म्हणजे अंड्यातून निघाल्यावर पहिले काही दिवस जपून वाढवलेली पिल्लं. ती तिथून आणायची आणि पुढं आपण वाढवायची. परत येताना ट्रे माझ्या मांडीवर होता, वर ओलं फडकं. रस्त्यात खड्डा आला की हे ड्रायव्हरला हळू आवाजात म्हणायचे, "सावकाश, सावकाश." मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून तिला घरी आणताना हे नव्हते. मी भावाच्या गाडीत होते. ते मला त्या वेळी आठवलं, पण बोलले नाही.

फडकं काढलं तर आत बडीशेपेएवढ्या करड्या अळ्या. वर बारीक चिरलेला पाला घातला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाला हळूच हलायला लागला, सगळीकडून एकदम, झोपेत कुणीतरी पांघरूण सारखं करावं तसा.

रेशीमवाले साहेब म्हणून एक तरुण मार्गदर्शक आठवड्याला यायचा. त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "अगरबत्ती नको, अत्तर नको, फोडणीचा धूर वर येऊ देऊ नका. आणि तंबाखू तर अजिबात नको. तंबाखूच्या हातानं पाला दिला तरी अळी मरते."

आत्या माझ्या मागं उभ्या होत्या. त्यांच्या कमरेला मिश्रीची डबी. लहान वयात दात दुखायला लागले म्हणून घासायला सुरुवात केली ती आजतागायत. सकाळी एकदा, दुपारी एकदा, मनात काही खुपलं तर मधेच आणखी एकदा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. साहेब गेल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजी म्या माज्याच घरात वर जायचं न्हाई?"

"जाळीच्या बाहेरनं बघा की आत्या," मी म्हटलं.

"बाहेरनं बघायला काय त्यो शिनेमा हाय?"

पण त्या बाहेर बसायला लागल्या. जिन्याच्या वरच्या पायरीवर पोतं टाकून, जाळीला नाक लावून. म्हशींचं उरकलं की त्या तिथं. "आता काय करतायत?" "खातायत." "आता?" "खातायतच." "आन आता?" हे वैतागायचे. मला मात्र बरं वाटायचं. आत हिरव्या जाळीतून येणारं हिरवं ऊन, ओल्या पाल्याचा वास, बाहेरून आत्यांचा आवाज. दुपारी उभ्या उभ्या माझे डोळे मिटायचे आणि वाटायचं, आपण विहिरीच्या तळाशी आहोत आणि वरून कुणीतरी आपल्याला हाक मारतंय.

अळ्या खातात आणि मधूनच झोपतात. कातडी अंगाला अपुरी पडली की मान वर करून थांबतात, खाणं सोडतात, हलत नाहीत. एक दिवस, कधी थोडं जास्त. मग जुनी कातडी पायाशी सोडून जाग्या होतात. झोपेत त्यांना धक्का लागू द्यायचा नसतो. हॉलमध्ये हजारो अळ्या माना वर करून निजलेल्या, एक पान हलत नाही, कसलाही आवाज नाही. आम्ही आत गेलो आणि दोघंही आपोआप कुजबुजायला लागलो.

ह्यांचा आवाज परेडचा. शेताच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाणारा. एवढ्या वर्षांत मी त्यांना कुजबुजताना ऐकलं नव्हतं. कुजबुजताना त्यांचा आवाज वेगळाच निघाला, जरा घोगरा, जरा पोरका. खाली बसून, मांडीवर कोयता ठेवून, ते म्हणाले, "वर बर्फात होतो तवा एकदा फ्लॉवरच्या गड्ड्यातनं अळी आली."

वर बर्फात काय होतं हे ते कधीच सांगत नसत. विचारलं की "थंडी" एवढंच म्हणायचे.

"भाजी हेलिकॉप्टरनं यायची. गड्डा फोडला तर आत हिरवी अळी, जिती. तिथं महिनोनमहिने एक मुंगी दिसत न्हाई गं. झाड न्हाई, गवत न्हाई, माशीसुदिक न्हाई. सगळे जमलो बघायला. कुणीच मारंना. डब्यात ठिवली, भोकं पाडून. रोज प्रत्येक जण आपल्या वाटचं पान तिला घालायचा. शिखांचा एक पोरगा हुता, तो तर तिच्यासंगं बोलायचा."

"मग?"

"मग तिनं अंगाभोवती कायतरी गुंडाळून घेतलं आन गप झाली. तवर आमची बदली खाली झाली. दुसरी तुकडी आली. जाताना आमी त्यांना डबा दिला. रायफली, दारूगोळा, राशन, सगळं मोजून दिलं आन शेवटी डबा."

एवढं बोलून ते उठले आणि जाळीला कुठं भोक पडलंय का बघायला लागले. मी निजलेल्या अळ्यांकडं बघत राहिले. मला वाटलं, या माणसाला मी आत्ता पहिल्यांदा भेटतेय. आणि मग मीही कुजबुजत सांगायला लागले. मुलगी तापानं फणफणली होती ती दुपार, पुराचं पाणी गोठ्यापर्यंत आलं होतं तो दिवस, फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणून सांगितलेलं सगळं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. अळ्या जाग्या व्हायला लागल्या, एकेक मान खाली आली, आणि पाला घालायची वेळ झाली म्हणून मी थांबले.

शेवटच्या टप्प्यात अळ्यांची भूक भागता भागेना. आता त्या बोटाएवढ्या, पांढऱ्या, गार आणि मऊ. हातावर घेतली की अंगठ्याला बिलगायची. आम्ही फांद्याच्या फांद्या कापून आणायचो आणि तासाभरात नुसत्या काड्या उरायच्या. त्यांच्या खाण्याचा आवाज मला फार आवडायचा. पलीकडच्या खोलीत पुष्कळशा बायका कोऱ्या साड्यांच्या घड्या मोडतायत, असा. स्वयंपाक करताना, म्हशीची धार काढताना तो आवाज कानात चालूच असायचा. डोळे मिटले की पापण्यांच्या आत हिरवं दिसायचं.

त्याच दिवसांत एकदा आम्ही तुतीत होतो आणि परत येतो तो दाराजवळच्या मजल्यावरच्या अळ्या माना उंचावून थरथरत होत्या. तोंडातून हिरवं पाणी गळत होतं. थोड्याच होत्या, एका कोपऱ्यातल्या, पण बघवत नव्हतं. ह्यांना लगेच कळलं. जाळीचं दार नीट लागलेलं नव्हतं.

"आई!" त्यांचा आवाज पुन्हा परेडचा झाला. "आत गेलीवतीस?"

आत्या खाली ओट्यावर बसल्या होत्या. "पाला संपलावता त्यांचा," त्या म्हणाल्या. "उपाशी डोकी हलवत व्हती. मला बघवंना. दोन पानं घातली."

"हात धुतलेलं?"

त्यांनी हाताकडं बघितलं. हे पुढं काहीतरी बोलणार होते, मी त्यांचा दंड धरला. कोपऱ्यातल्या अळ्या वेगळ्या करून आम्ही खड्ड्यात पुरल्या. आत्या लांब उभ्या राहून ते बघत होत्या. त्यांनी विचारलं, "किती गेल्या?" मी म्हटलं, "ओंजळभर." त्या म्हणाल्या, "माज्या हातनं आजवर म्हशीचं रेडकूसुदिक मेलं न्हवतं."

मिश्री त्यांनी सोडली असं मी सांगणार नाही, कारण त्यांनी ती सोडली नाही. एक दिवस प्रयत्न केला, संध्याकाळी डोकं धरून बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी डबी पुन्हा कमरेला आली. पण पायरीवरचं पोतं त्यांनी स्वतःच दोन पायऱ्या खाली ओढून घेतलं. तिथून आतलं काही दिसत नव्हतं. मग हेच जाळीशी उभे राहून, कुणी न विचारता सांगायला लागले, "आई, खातायत बरं का. चांगल्या खातायत."

मग एका सकाळी अळ्यांनी पाला खायचं सोडलं. अंग पिवळसर, काचेसारखं झालं. धरून उजेडात बघितलं की आरपार दिसावं असं. डोकी वर करून हवेत काहीतरी शोधायला लागल्या. आम्ही चंद्रिका अंथरल्या. त्या प्लॅस्टिकच्या घड्याघड्यांच्या जाळ्या असतात, अळीला धागा अडकवायला आधार म्हणून. एकेक अळी जागा धरून बसली आणि डोकं इकडून तिकडं, इकडून तिकडं हलवायला लागली. आधी काहीच दिसत नाही. मग तिच्याभोवती धुकं धरल्यासारखं होतं. आत ती अजून दिसते, लिहिता लिहिता स्वतःचीच अक्षरं पुसत असल्यासारखी. मग पुसट होते. मग नुसता पांढरा कोष. संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये कसलाही आवाज उरला नाही.

काही दिवसांनी कोष उतरवले. सगळ्या आळीतल्या बायका आल्या होत्या मदतीला. एक कोष कानाशी धरून हलवला की आत खुळखुळतो. आत्यांनी तो कानाशी धरला.

"आत जिती हाय?"

"व्हय," हे म्हणाले.

"आन आता पुढं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बाजारात जातात. तिथं वाफ देतात, धागा अख्खा निघावा म्हणून."

आत्यांनी कोष पाटीत ठेवला. पुढचा उतरवायला घेतला. मी मात्र सगळ्यांच्या नकळत थोडे कोष परडीत बाजूला काढले आणि कपाटावर ठेवले. त्यानं बाकीच्यांचं काही बदलणार नव्हतं हे मला कळत होतं. तरी ठेवले.

पोती कर्नाटकातल्या बाजाराकडं गेली. हे मित्राबरोबर टेम्पोतून गेले आणि चांगला भाव घेऊन खुशीत परत आले. हॉल रिकामा. मी झाडून काढला, धुतला. दुपारी खाली आले, आणि का कुणास ठाऊक, शेंगदाणे भाजायला घेतले. गूळ किसला. लाडू वळले. मग पोह्यांचा चिवडा केला, कोरडी भाजणी काढली, लोणच्याची बरणी पुसून त्यात लोणचं भरलं. हात आपापले चालले होते. नेहमीच्या क्रमानं.

हे पाणी प्यायला आत आले. ओट्यावरचे डबे बघून थांबले. "कोण चाललंय?"

मी डब्यांकडं बघितलं. लाडवांच्या डब्याला मी दोरी बांधली होती, ट्रंकेत सांडू नये म्हणून बांधायची तशी.

"कुणी नाही," मी म्हटलं.

"मग ह्ये?"

हॉल रिकामा झाला, महिनाभर भरलेलं घर एकदम गप झालं, आणि माझ्या हातांना वाटलं की सुट्टी संपली. हे मी कुठल्या शब्दांत सांगणार? मी नुसतं म्हटलं, "महिना झाला ना."

ते पाणी प्यायचेच राहिले. मग खाली बसले, दोरी सोडली, एक लाडू घेतला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला. आम्ही दोघांनी तिथंच जमिनीवर बसून लाडू खाल्ले. एक झाला, दुसरा झाला. आत्या आल्या, त्याही बसल्या. "लय दिसांनी घरात खायला केलंस," त्या म्हणाल्या. "न्हाईतर तुजं लाडू कायम प्रवासालाच."

गोदामवाल्यांचा फोन दिवाळीच्या आधीच आला. हे अंगणात उभे राहून बोलत होते. मी पलीकडं भांडी घासत होते आणि मुद्दाम नळ बंद केला नाही. आत आल्यावर म्हणाले, "पुढची बॅच घेतलीय म्हनून सांगितलं." घेतली नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी केंद्रावर फोन करून नोंदवली.

परडीतल्या कोषांना मी जवळजवळ विसरले होते. एका सकाळी कपाटावरून खरखर ऐकू आली. परडी खाली काढली तर एका कोषाचं टोक ओलं झालं होतं आणि त्यातून एक पांढरं, ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर येत होतं. मी ह्यांना हाक मारली. आत्याही आल्या, आता मिश्रीची भीती नव्हती, पतंगांना काही खायचंच नव्हतं. त्यांना खाता येत नाही, साहेबानं सांगितलं होतं. पंख असतात, पण उडताही येत नाही.

उन्हं वर येईपर्यंत पंख वाळून पसरले. दुधावरच्या सायीच्या रंगाचे. माद्या जाड, एका जागी बसून राहिलेल्या. नर बारीक, पंख फडफडवत गोल गोल फिरणारे, भेट होईपर्यंत थांबतच नव्हते. भेटले की एकमेकांकडं पाठ करून जोडले जायचे आणि दुपारभर तसेच.

आत्या मान तिरकी करून बघत होत्या. "खायचं न्हाई, उडायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "नुसतं एकमेकासाठी आल्यात."

हे एकदम उठले आणि म्हशींना पाणी दाखवायला म्हणून गेले. मला हसू आलं आणि चेहरा गरम झाला, या वयात.

जुन्या दिनदर्शिकेचं पान पालथं घालून मी माद्या त्यावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पानावर खसखशीसारखी पिवळी अंडी, एकाला एक लागून. पतंग आठवडाभर राहिले आणि एकेक करून हलके होत गेले. शेवटी उचलले तर हाताला वजनच लागलं नाही. आत्यांनी ते तुळशीच्या मातीत घातले.

अंडी काही दिवसांत जांभळट करडी झाली. साहेब म्हणाला, "ही झोपलीत. थंडी मिळाल्याशिवाय उठायची नाहीत. पण घरची बी पाळू नका, कोष हलका येतो." आम्ही ऐकलं आणि पान डब्यात घालून, थोडे दिवस गेल्यावर, फ्रिजमध्ये ठेवलं. संक्रांतीला मुलगी आली. दही शोधताना तिनं डबा उघडला आणि किंचाळली. "आई, हे काय आहे?" आत्यांनी आतूनच सांगितलं, "झाकन लाव, थंडी जाईल त्यांची."

फाल्गुनात पान बाहेर काढलं. बऱ्याच अंड्यांतून काहीच निघालं नाही. काहींतून काळ्या केसाएवढ्या अळ्या निघाल्या. कोवळा पाला अगदी बारीक चिरून, पितळी परातीत आम्ही त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वाढवल्या. त्यातल्याही वाटेत पुष्कळ गेल्या. शेवटी कोष झाले ते दोन मुठी भरतील एवढे, काही चपटे, काही इतके पातळ की आतली सावली दिसावी. साहेब म्हणाला होता तसेच हलके. बाजारात न्यायचा प्रश्न नव्हता. त्यातून पतंग निघाले आणि आठवड्यानं मेले, पण मी पुढं अंडी धरली नाहीत. एकदाच बघायचं होतं, ते बघून झालं.

आता विहिरीजवळ शेड आहे आणि वर्षात चार-पाच खेपा होतात. दोन खेपांच्या मधे शेड धुऊन बंद ठेवावी लागते. तशाच एका मोकळ्या आठवड्यात आम्ही दोघं मुलीला भेटायला सांगलीला निघालो. कराडला गाडी बदलली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट तेव्हा सुरू झालं नव्हतं. बाहेर ऊस, मधेच सोयाबीन, पुन्हा ऊस, उन्हानं सगळं पांढुरकं झालेलं. हे खिडकीशी बसले होते आणि बसल्या बसल्या झोपले. डोकं माझ्या खांद्यावर आलं. त्यांची बोटं तुतीच्या चिकानं काळपट झाली होती, साबणानं निघत नाहीत. कंडक्टर आला, ह्यांच्याकडं बघून आवाज खाली करून म्हणाला, "बोला."

माझी पर्स त्यांच्या कोपराखाली अडकली होती. ती हळूच ओढून काढताना मी म्हटलं, "दोन सांगली."

"दोन्ही फुल?" ह्यांच्या पिकल्या केसांकडं बघत त्यानं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं, आणि सुटे पैसे शोधायला लागले.